‘एकदम सोसेल का?’ : वृद्धांच्या लसी आणि आपल्या भाषा

१

पावसाळ्याच्या तोंडाशी, किंवा थंडीची चाहूल लागली की, सत्तरी ओलांडलेली एखादी व्यक्ती दवाखान्याची पायरी चढते. इन्फ्लुएन्झाची या वर्षीची लस टोचून घ्यावयाची असते. डॉक्टर जुने कागद चाळतात आणि म्हणतात, न्यूमोनियाची लसही राहिली आहे, तीही आजच उरकून टाकू. पुन्हा हेलपाटा नको. सोबत आलेला मुलगा मान हलवितो. वृद्ध व्यक्ती मात्र बाही वर सारता सारता विचारते : ‘एकदम सोसेल का?’

या प्रश्नाला बहुधा एकशब्दी उत्तर मिळते : ‘सोसेल.’ वैद्यकाच्या दृष्टीने ते चूक नाही. परंतु ज्या प्रश्नात सत्तर वर्षांच्या देहाचा अनुभव एकवटलेला असतो, त्याची ती केवळ बोळवण होय. वृद्धांना एकाच भेटीत एकाहून अधिक लसी द्याव्यात की नाहीत, हा वैद्यकाचा प्रश्न आहे आणि त्याचा निर्णय वैद्यकानेच करावयाचा आहे. तो निर्णय वृद्धापर्यंत त्याच्या भाषेत पोचतो की नाही, हा मात्र भाषेचा प्रश्न आहे. आणि भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी तो आजवर आपला मानलेला नाही. तो त्यांनी आपला मानावा, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

हा प्रश्न थोडक्यांचा नव्हे. २०११ च्या जनगणनेनुसार साठ वर्षे व त्यांवरील वयाच्या व्यक्तींची संख्या भारतात दहा कोटींहून अधिक, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे साडेआठ टक्के होती. त्यानंतर ती वाढतच गेली आहे. आपल्याकडील लसीकरणाचा अलीकडचा इतिहास प्रामुख्याने माता आणि बालक यांच्याभोवती घडला. १९७८ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, १९८५ मध्ये त्याला सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाचे रूप आले. दोहोंचे लक्ष पाळण्याकडे होते. वृद्ध हा लसीकरणाचा विषय म्हणून देशापुढे ठळकपणे आला तो १ मार्च २०२१ रोजी, साठ वर्षांवरील नागरिकांना कोविडची लस देण्यास आरंभ झाला तेव्हा. इन्फ्लुएन्झा किंवा न्यूमोनिया यांच्या लसी वृद्धांना आजही बहुतांशी पदरमोड करून खाजगी दवाखान्यातच घ्याव्या लागतात. बालकाच्या लसीसाठी अंगणवाडी आहे, घरी येऊन आठवण करणारी आशा कार्यकर्ती आहे, भिंतीवर लावलेले वेळापत्रक आहे. वृद्धासाठी आहे तो डॉक्टरशी होणारा पाच मिनिटांचा संवाद. त्या पाच मिनिटांत भाषा तोकडी पडली, तर दुसरे काही साहाय्याला येत नाही.

२

प्रथम वैद्यकाचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे. वस्तुस्थितीवाचून केलेली भाषेची चर्चा हा शब्दांचा खेळ ठरतो.

एकाच दिवशी अनेक लसी देणे ही नवी कल्पना नाही. भारतात दीड महिन्याच्या अर्भकाला एकाच भेटीत पाच रोगांविरुद्धची पेंटाव्हॅलंट लस, पोलिओचे थेंब, रोटाव्हायरसची मात्रा आणि आणखी काही टोचण्या दिल्या जातात. अर्भकाच्या बाबतीत जे अंगवळणी पडले, ते वृद्धाच्या बाबतीत धाडसाचे वाटते. कारण वृद्धाला लस द्यावयाची ही कल्पनाच अद्याप नवी आहे. कोविडची लस प्रथम आली तेव्हा तिच्या आगेमागे चौदा दिवस दुसरी लस घेऊ नये, असे अमेरिकेत सांगण्यात आले होते. अपाय दिसून आला म्हणून नव्हे, तर पुरावा हाती नव्हता म्हणून पाळलेली ती सावधगिरी होती. मे २०२१ मध्ये ती अट काढून टाकण्यात आली. त्याच वर्षी ब्रिटनमधील १२ केंद्रांवर ६७९ प्रौढांचा अभ्यास झाला; कोविडच्या दुसऱ्या मात्रेबरोबर इन्फ्लुएन्झाची लस दिली असता सुरक्षिततेविषयी चिंता वाटावी असे काही आढळले नाही, आणि प्रतिपिंडांची निर्मितीही टिकून राहिली. ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या दोन लसी एकाच भेटीत देण्यास अनुकूलता दर्शविली. पुढे मे २०२३ मध्ये श्वसनमार्गाच्या आणखी एका विषाणूविरुद्ध, म्हणजे आरएसव्हीविरुद्ध, साठ वर्षांवरील व्यक्तींसाठी बनविलेल्या लसींना अमेरिकेत मान्यता मिळाली; आणि त्या वर्षीच्या हिवाळ्याआधी तेथील वृद्धापुढे प्रथमच तीन लसी एकत्र येऊन उभ्या राहिल्या.

येथे एक बोधप्रद भेद दिसतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने या तिन्ही लसी एकाच भेटीत देणे ग्राह्य मानले. ब्रिटनने १ सप्टेंबर २०२४ पासून ७५ ते ७९ वर्षे वयाच्या व्यक्तींसाठी आरएसव्हीची लस सुरू केली. परंतु ती इन्फ्लुएन्झा वा कोविडच्या लसीबरोबर एकाच दिवशी देण्याचा प्रघात ठेवू नये, असे सांगितले. एकत्र दिल्याने देहाची प्रतिकारक प्रतिक्रिया काहीशी घटते, असे काही अभ्यासांत दिसले होते. मात्र त्यास एक अपवादही जोडला : ती व्यक्ती पुन्हा येण्याचा संभव कमी असेल, तर लस त्याच दिवशी द्यावी. हा अपवाद फार मोलाचा आहे. एका पारड्यात किंचित घटलेला गुण आणि दुसऱ्या पारड्यात परत न येणारा वृद्ध, असे हे तोलणे आहे. आपल्याकडे दुसरे पारडे अधिक जड आहे. दवाखान्याचा जिना, बसचा प्रवास, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी किंवा रजा, डॉक्टरांची फी : हे सारे दुसऱ्या खेपेला पुन्हा मोजावे लागते. न घेतलेल्या लसीचा गुण काहीच नसतो. म्हणूनच एका भेटीत काम उरकणे ही बहुतेक वृद्धांच्या बाबतीत सोयीबरोबरच सुज्ञपणाचीही गोष्ट ठरते.

त्रास होतो का? होतो. दंड दुखतो, कणकण येते, थकवा वाटतो. लसी एकत्र घेतल्यास हे थोडे अधिक जाणवू शकते आणि सामान्यतः एक-दोन दिवसांत ओसरते. लसी वेगवेगळ्या दंडांत, किंवा एकाच दंडात किमान इंचभर अंतर ठेवून टोचतात. शंकांची दखल घेतली जाते का? तीही घेतली जाते. जानेवारी २०२३ मध्ये, नव्या विषाणूसाठी बदललेल्या एका कोविड लसीनंतर ६५ वर्षांवरील व्यक्तींत मेंदूतील रक्तप्रवाह खंडित होण्याचे प्रमाण वाढले असावे की काय, अशी शंका अमेरिकेच्या एका देखरेख यंत्रणेत उद्भवली. शासकीय संस्थांनी ती स्वतःहून जाहीर केली, इन्फ्लुएन्झाची लस त्याच दिवशी घेतल्याचा तिच्याशी काही संबंध आहे का हेही तपासावयास घेतले, इतरत्रची माहिती पडताळली. तेथे त्या शंकेला दुजोरा मिळाला नाही आणि शिफारस कायम राहिली. ही सगळी हकीकत सांगण्याजोगी आहे. ‘सोसेल’ या एका शब्दात ती मावत नाही.

३

आता भाषेकडे वळता येईल. या लसींना मराठीत ‘हंगामी लसी’ म्हटले जाते. शब्द वरवर निर्दोष दिसतो. परंतु मराठीत ‘हंगामी’ या विशेषणाला दोन अर्थ चिकटलेले आहेत. एक शेतीच्या हंगामाचा, दुसरा तात्पुरतेपणाचा. हंगामी नोकर, हंगामी अध्यक्ष, हंगामी सरकार या प्रयोगांत ‘जो कायमचा नाही, तूर्त काम भागवितो’ असाच अर्थ आहे. सरकारी नोकरीत उमेदीची वर्षे ‘हंगामी’ म्हणून काढलेल्या माणसाला ‘हंगामी लस’ हा शब्द कसा ऐकू येत असेल, याचा विचार भाषांतरकाराने केलेला नसतो. काम भागविण्यापुरती, अर्धीमुर्धी लस, असा त्याचा ध्वनी निघतो. आणि अशा दोन-तीन लसी एकदम घ्यावयाच्या म्हटल्यावर ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण मनात डोकावली, तर त्यात नवल नाही.

दुसरा घोटाळा याहून गंभीर आहे. हंगाम रोगाचा असतो. लसीचा असेलच असे नाही. इन्फ्लुएन्झाचा विषाणू रूप पालटतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, लसीचे घटक सुचविते. ती लस दर वर्षी घ्यावी लागते. आरएसव्हीचा रोगही ऋतूबरोबर येतो. परंतु त्याच्या लसीची वृद्धांसाठी आजची शिफारस एकाच मात्रेची आहे. न्यूमोनियाची लस तर कोणत्याही ऋतूत घेता येते. तिन्हींना एकाच विशेषणाखाली ढकलले, की ‘हे दर वर्षी करावयाचे का?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर हरवते.

शिवाय, हंगाम तरी कोणता? श्रीनगरमध्ये इन्फ्लुएन्झाचा जोर हिवाळ्यात असतो. दिल्ली, पुणे यांसारख्या शहरांत तो पावसाळ्यात वाढतो. चेन्नई-वेल्लोरकडे ईशान्य मोसमी पावसाबरोबर तो लांबणीवर पडतो. युरोपातील हिवाळ्याचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलून ‘शरद ऋतूत लस घ्या’ असे भाषांतर करणे म्हणूनच दुहेरी चूक होय : ते भाषेचे चुकते आणि हवामानाचेही. आपल्या परंपरेत ऋतू आणि रोग यांचा संबंध जाणण्याची दृष्टी होती. बंगालीत देवीच्या रोगाचे नावच ‘वसंत’ आहे. वाग्भटाने एका ऋतूचे शेवटचे आणि दुसऱ्याचे पहिले सात दिवस मिळून ‘ऋतुसंधी’ मानला आणि त्या काळात आहारविहार हळूहळू बदलावा, असे सांगितले. त्या शास्त्राचा आणि लसीच्या शास्त्राचा काही संबंध नाही, आणि तसा तो जोडूही नये. परंतु ‘ऋतू पालटताना देह जपावा’ हे वाक्य वृद्धांच्या कानाला ओळखीचे आहे. त्याला धरून ‘पाऊस लागण्यापूर्वी घ्यावयाची लस’ असे म्हटले, तर ‘हंगामी’ या विशेषणाची गरजच उरत नाही.

४

‘लस’ या शब्दाचाही एक इतिहास आहे, आणि तो भारतीय भाषांच्या तुलनेत अधिक स्पष्ट होतो. मराठीत लस म्हणजे फोडातून वा जखमेतून पाझरणारा पातळ द्रव. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉल या मुलीला गोस्तन देवीची लस टोचण्यात आली. भारतातील या पद्धतीचे हे पहिले यशस्वी लसीकरण. पुढे कित्येक दशके एका मुलाच्या दंडावरील फोडातला द्रव दुसऱ्या मुलाच्या दंडात टोचला जाई. मराठीने त्या द्रवाकडे पाहिले आणि त्याचे नाव उपायाला दिले. गुजरातीत ‘रसी’ हा शब्द पू आणि लस या दोन्ही अर्थांनी चालतो; कन्नडात ‘लसिके’ आहे. हिंदी, बंगाली, पंजाबी, तेलुगू यांनी मात्र त्वचेवर उमटणाऱ्या खुणेकडे पाहिले आणि ‘टीका’ म्हटले. तमिळने सुईकडे पाहिले : ‘तडुप्पूसी’, म्हणजे अटकाव करणारी सुई. मल्याळममधील ‘कुत्तिवय्प्पु’ या शब्दात टोचण्याची क्रिया आहे. एकाच घटनेतील चार गोष्टी, द्रव, खूण, सुई आणि क्रिया, वेगवेगळ्या भाषांनी वेगवेगळ्या टिपल्या. ‘आज तीन घ्यायच्या’ असे ऐकताच मराठी वृद्ध देहात जाणारे तीन द्रव मोजतो, तमिळ वृद्ध तीन सुया मोजतो. पहिल्याची भीती ‘आत काय कालवले जाते’ ही असू शकते, दुसऱ्याची ‘किती टोचणार’ ही. एकाच इंग्रजी पत्रकाचे सर्व भाषांत सरधोपट भाषांतर केल्याने या दोन भीतींना एकच उत्तर मिळते, आणि ते दोघांनाही पुरत नाही.

आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या पिढीच्या दंडावर देवीच्या लसीचा व्रण बहुधा सापडतो. देवीचा भारतातील शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये नोंदला गेला, १९७७ मध्ये देश देवीमुक्त ठरला, १९८० मध्ये जगातूनच तो रोग गेल्याचे जाहीर झाले. या पिढीच्या मराठीत ‘देवी येणे’ आणि ‘देवी काढणे’ हे दोन प्रयोग शेजारी शेजारी नांदत होते : येणे देवीच्या हाती, काढणे माणसाच्या. खेड्यात फिरणाऱ्या लस टोचणाऱ्याला ‘देवी डॉक्टर’ म्हणत. एक रोग, एक नाव, एक टोचणी आणि तिची जन्मभर टिकणारी एक खूण, अशी ही सुटसुटीत रचना होती. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात ही नावेही रोगाचे रूप डोळ्यांपुढे उभे करीत. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला लोकांनी ‘मानमोडी’ म्हटले. त्या एका शब्दात रोगाचे लक्षण आणि त्याची दहशत दोन्ही आहेत. तीन रोगांविरुद्ध एकच लस आली, तेव्हा मराठीने तिला ‘त्रिगुणी लस’ म्हटले. एका टोचणीत तीन गुण, ही गोष्ट त्या शब्दाने काही न समजावता समजावली. अनेक लसी एकत्र देण्याची कल्पना पेलणारी भाषा मराठीत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा शब्द आठवावा.

आजच्या लसींना अशी नावे लाभलेली नाहीत. आरएसव्ही, पीसीव्ही, पीपीएसव्ही ही आद्याक्षरे वृद्धाच्या जिभेवर बसत नाहीत. आणि जे जिभेवर बसत नाही, ते स्मरणात राहत नाही. खूणही दंडावर राहत नाही. राहतो तो कागद, किंवा मुलाच्या फोनमधील दाखला. पुढील वर्षी दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरांनी ‘मागे कोणती घेतली?’ असे विचारले की, वृद्ध म्हणतो, ‘दोन सुया घेतल्या होत्या.’ दर वर्षीची कोणती आणि एकदाच घ्यावयाची कोणती, हा भेद येथे निसटतो. आणि मग एखादी लस पुन्हा टोचली जाते किंवा कायमची राहून जाते. नाव देणे हा साहित्यिक छंद नसून आरोग्यरक्षणाचा भाग आहे, तो या अर्थाने.

५

‘सोसेल का?’ या क्रियापदाकडे आता परत यावे. देहावर एखाद्या गोष्टीचा काय परिणाम होतो, हे सांगण्यासाठी मराठीत क्रियापदांचे एक समृद्ध कुटुंब आहे. सोसणे म्हणजे त्रास होऊनही निभावणे. झेपणे म्हणजे शक्तीच्या आवाक्यात असणे. मानवणे म्हणजे प्रकृतीला अनुकूल पडणे. बाधणे म्हणजे अपाय करणे. वैद्यकाने जे दोन प्रश्न वेगळे केले आहेत, लसीनंतरचा तात्पुरता त्रास आणि तिच्यापासून होणारा खरा अपाय, ते मराठीने केव्हाच वेगळे करून ठेवले आहेत : पहिला सोसण्याचा, दुसरा बाधण्याचा. ‘दोन दिवस सोसावे लागेल, पण बाधणार नाही’ हे सात शब्दांचे वाक्य एका परिच्छेदाचे काम करते.

त्याऐवजी पत्रकांतून काय आढळते? ‘प्रतिकूल घटना’, ‘सौम्य ते मध्यम स्वरूपाच्या प्रतिक्रिया’, ‘लाभार्थी’. इंग्रजीत औषध देणे आणि कारभार चालविणे या दोहोंना एकच क्रियापद आहे. कोशातील पहिला अर्थ उचलला की ‘दोन लसींचे सह-प्रशासन’ असा प्रयोग जन्माला येतो. हा शब्द वाचून वृद्ध हसत नाही. हे आपल्यासाठी लिहिलेले नाही, असे समजून तो कागदाची घडी करतो आणि मुलाच्या हाती देतो. त्या क्षणी त्याची संमतीही मुलाच्या हाती जाते.

दिल्ली, बडोदे, इंदूर, हैदराबाद किंवा न्यू जर्सी येथे मुलांकडे राहावयास गेलेल्या मराठी वृद्धाच्या बाबतीत तर हे दुपटीने घडते. डॉक्टर हिंदीत वा इंग्रजीत बोलतात, मुलगा उत्तरे देतो, आणि ज्याच्या दंडात सुई जावयाची ती व्यक्ती मधल्या खुर्चीवर गप्प बसते. तिला अनुवाद मिळतो तो निर्णयाचा, चर्चेचा नव्हे. ‘काही नाही, दोन इंजेक्शने देतायत.’ असाच अनुभव दिल्लीतील तमिळ आजीचा आणि मुंबईतील बंगाली आजोबांचा आहे. म्हणून हा प्रश्न एका भाषेचा नसून भाषांमधील आहे, आणि अशा पत्रिकेच्या पानांवर त्याची चर्चा अप्रस्तुत ठरू नये.

यावर काही आक्षेप संभवतात. हे काम डॉक्टरांचे आहे, हा पहिला. परंतु डॉक्टरांना शब्द घडविण्याचे शिक्षण कोणी दिलेले नसते. त्यांनी इंग्रजीत शिकलेले मराठीत सांगावे, अशी अपेक्षा धरून त्यांना त्यासाठी काहीच न पुरविणे अन्यायाचे आहे. सोप्या भाषेत काटेकोरपणा जातो, हा दुसरा. ‘सोसणे’ आणि ‘बाधणे’ यांतील भेद पाहता काटेकोरपणा बोलीत अधिकच आहे, असे दिसेल. तिसरा आक्षेप अधिक विचारणीय आहे : बहुतेक वृद्धांना निवड नकोच असते, विश्वासाच्या डॉक्टरांनी ‘घ्या’ म्हटले की ते घेतात, त्यांच्यापुढे पर्यायांचा पसारा मांडून त्यांना गोंधळात का टाकावे? यात तथ्य आहे. परंतु विश्वास आणि अज्ञान या एकच गोष्टी नव्हेत. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेल्या १९ व्यक्ती धनुर्वाताने दगावल्या. त्या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली होती. ती लस सिद्ध करणारे हाफकिन यांच्यावरील ठपका दूर व्हावयास १९०७ उजाडले. खुलासा झाला तो लंडनच्या वृत्तपत्रांतून आणि वैज्ञानिक नियतकालिकांतून; गावोगावची भीती त्या भाषेत बोलत नव्हती. केवळ भरवशावर उभा असलेला विश्वास एका वाईट बातमीने कोसळतो. ‘हे होईल, हे होणार नाही, असे झाले तर कळवा’ असे आधी सांगितलेले असेल, तर दुसऱ्या दिवशीची कणकण ही फसवणूक वाटत नाही.

आणखी एक शब्द येथे नोंदविला पाहिजे : पथ्य. होल्वेल याने १७६७ मध्ये बंगालमधील देवी टोचण्याच्या देशी रीतीचे जे वर्णन केले, त्यात टोचणीइतकेच महत्त्व पथ्याला आहे. मासे, दूध, तूप महिनाभर वर्ज्य. आजही लस टोचून झाल्यावर वृद्ध हमखास विचारतात, ‘पथ्य काय?’ त्यावर डॉक्टर हसून ‘काही नाही’ म्हणतात. पण या प्रश्नाचा अर्थ ‘या उपचारात माझे काम कोणते?’ असा आहे. त्याला उत्तर देता येते : भरपूर पाणी प्या, दंड हलता ठेवा, नेहमीची औषधे चुकवू नका, आजची तारीख आणि दोन्ही लसींची नावे वहीत लिहून ठेवा. एवढे सांगितले की, वृद्ध त्या उपचारात सहभागी होतो.

६

मग भाषांच्या अभ्यासकांनी नेमके करावयाचे काय? मोठी परिभाषा-मंडळे स्थापण्याची आवश्यकता नाही; परिभाषेचे कोश आपल्याकडे कमी नाहीत. आवश्यकता आहे ती गद्याची. विद्यापीठांतील भाषाविभागांनी वृद्धांचे दवाखान्यातील बोलणे ऐकावे, देहाविषयीची त्यांची क्रियापदे टिपावीत, एका भाषेतील सोय दुसरीत आहे का ते पाहावे. आणि डॉक्टरांशी एकेक वाक्य पडताळून, मोठ्याने वाचता येईल असे अर्ध्या पानाचे गद्य सिद्ध करावे. मराठीत त्याचे रूप साधारणपणे असे होईल :

‘आज दोन लसी टोचायच्या आहेत. एक इन्फ्लुएन्झाची. तो रोग दर वर्षी रूप पालटून येतो, म्हणून ही लस दर वर्षी, पाऊस लागण्यापूर्वी घ्यायची. दुसरी न्यूमोनियाची. ती दर वर्षीची नाही. पुढची कधी, ते कागदावर लिहून देतो. दोन्ही दोन दंडांत टोचू. टोचल्यावर थोडा वेळ येथेच बसा. आज रात्री किंवा उद्या दंड ठणकेल, कणकण येईल, अंग मोडून येईल. एक-दोन दिवस सोसावे लागेल. मग ते आपोआप जाईल. जेवणाचे पथ्य नाही. रोजची औषधे बंद करू नका. श्वास लागला, अंगावर गांधी उठल्या, किंवा दोन दिवसांत ताप उतरला नाही, तर लगेच कळवा. दोन्ही एकदम नको वाटत असतील, तर एक आज घ्या, दुसरी पुढच्या वेळी. मात्र ती वेळ आजच ठरवून जा.’

हे वाचावयास एक मिनिट पुरते. यात रोगांची नावे सोडली तर परका शब्द नाही, आणि वैद्यकाने सांगितलेले काही गाळलेले नाही. शेवटची दोन वाक्ये विशेष महत्त्वाची आहेत. एका भेटीत सर्व लसी घेण्याची शिफारस योग्य असली, तरी ‘एकदम नको’ म्हणण्याचा वृद्धाचा अधिकार त्या वाक्यांत शाबूत राहतो. आणि त्या अधिकाराचा परिणाम लस राहून जाण्यात होऊ नये, याचीही तजवीज होते. हेच अर्धे पान तमिळ, बंगाली, उर्दू, कोकणी यांत सिद्ध करताना ते मराठीवरून भाषांतरित करू नये. प्रत्येक भाषेने आपली सुई, आपली खूण, आपला द्रव यांपासून आरंभ करावा.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना हे काम किरकोळ वाटण्याचा संभव आहे. कादंबरीतील बोलीचा अभ्यास प्रतिष्ठेचा आणि दवाखान्यातील बोलीचा अभ्यास उपयोगापुरता, अशी एक उतरंड आपल्या विभागांत मुकाट्याने मान्य झालेली आहे. परंतु ज्या पिढीने ही क्रियापदे आणि रोगांची ही नावे जिवंत ठेवली, ‘देवी काढणे’ आणि ‘देवी येणे’ यांतला भेद ज्यांना अजून ठाऊक आहे, तीच आज त्या खुर्चीवर बाही वर सारून बसली आहे. तिच्या बोलीवर प्रबंध लिहावेत. पण तिने विचारलेल्या प्रश्नाला तिच्याच बोलीत उत्तर मिळेल, एवढी व्यवस्था त्याआधी करावी.